गुमास्त्याची रात्र

नवे दुकान थाटणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "गुमास्ता काढला का?" जागा ठरली, फळ्या ठोकून झाल्या, माल येऊन पडला, तरी तो कागद हाती आल्याशिवाय दुकानदाराच्या जिवाला स्वस्थता नसते. हा प्रश्न मुंबईच्या उपनगरात ऐकू येतो तसाच वाशीमच्या बाजारपेठेतही ऐकू येतो. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांच्याही मनात 'गुमास्ता' म्हणजे एक परवाना असतो. पण गुमास्ता हा कागद नव्हे, तो माणूस आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'नेमलेला'. पेढीवर शेठजींच्या वतीने हिशेब लिहिणारा, माल दाखवणारा, दिवे लागल्यावर फळ्या लावणारा आणि सकाळी त्या पुन्हा काढणारा नोकर म्हणजे गुमास्ता. त्याच्या रक्षणासाठी एक कायदा झाला, लोकांनी त्या कायद्याला त्याचेच नाव दिले. आणि काळाच्या ओघात ते नाव मालकाच्या भिंतीवर टांगलेल्या चौकटीत जाऊन बसले. दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडे ठेवावे, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू लागलो, की या एका शब्दाच्या प्रवासात तो सगळा सामावलेला आढळतो.

वऱ्हाडात बाजारावर शासनाचा हात पडला तो फार पूर्वी, आणि तोही आजच्या वाशीम जिल्ह्यातच. लाडांचे कारंजे हे कापसाच्या व्यापाराचे जुने ठाणे. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता, आणि तो हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली चाले. याच रेसिडेंटच्या आदेशान्वये १८८६ साली कारंजाचा कापूस बाजार नियंत्रित झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद केली जाते. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच करण्यात आला. बाजारावर देखरेखीसाठी समिती नेमावी, अडते व मापारी यांना परवाने द्यावेत, अशी ती व्यवस्था होती. १९२८ साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांचा देशभर प्रसार व्हावा अशी शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा हा अनुभव त्याच्यासमोर होता.

या नियमनात घड्याळाला फारसे स्थान नव्हते, कारण घड्याळाचे काम सूर्यच करीत असे. आठवडी बाजारात पाले पडत ती सकाळी, आणि बैलगाड्या गावाकडे वळत त्या उन्हे कलताना. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मालाची पारख होत नाही आणि तराजूचा काटाही नीट दिसत नाही. म्हणून रात्रीच्या व्यापाराला कायद्याने मनाई करण्याची गरजच भासली नाही. ही गरज निर्माण केली ती गॅसच्या आणि पुढे विजेच्या दिव्याने. दिवस लांबवता येतो हे एकदा कळल्यावर तो कोणासाठी लांबवायचा आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न उभा राहिला.

तो प्रथम उभा राहिला इंग्लंडात. लंडनच्या कापडदुकानांतील नोकर रात्री उशिरापर्यंत उभे असत आणि कित्येकदा दुकानाच्या माडीवरच झोपत. दुकाने लवकर बंद व्हावीत यासाठी तेथे १८४२ साली एक संघटना स्थापन झाली. तिने प्रथम कायद्याची वाट धरली नाही. संध्याकाळनंतर खरेदीला जाऊ नका, अशी विनवणी तिने ग्राहकांना केली. ग्राहकाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर तिने कित्येक वर्षे भरवसा ठेवला. तेवढ्याने भागत नाही असे दिसून आल्यावर १८८६ साली पार्लमेंटने कायदा केला, आणि त्याने अठरा वर्षांखालील नोकरांना काय दिले? आठवड्याला ७४ तासांची मर्यादा! ही मर्यादा सवलत वाटावी, यावरूनच आधीची स्थिती काय असेल याची कल्पना येते. आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सुटी इंग्लंडातील दुकाननोकरांना कायद्याने मिळाली ती १९११ साली.

मुंबईत याच सुमारास दुसरा एक लढा चालला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा भरवली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, ही त्यातील प्रमुख मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. बहुजन समाजाच्या दृष्टीने रविवार हा खंडोबाचा वार. ख्रिस्ती समाजाला तो प्रभूचा दिवस म्हणून प्रिय. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयीचे आपले परिपत्रक प्रसिद्ध केले आणि विसावा हा मालकाच्या मेहेरबानीचा नव्हे तर माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, हा विचार त्यात मांडला. परळच्या गिरणीत आणि रोमच्या व्हॅटिकनमध्ये एकमेकांची वार्ताही नसताना एकच गोष्ट बोलली जात होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तथापि, गिरणीच्या भोंग्याने जी शिस्त आणली ती दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचायला आणखी अर्धशतक लागले. गिरणीत हजारो माणसे एका छपराखाली काम करतात. ती एकत्र येऊ शकतात, काम थांबवू शकतात. दुकानात दोनतीनच नोकर असतात. त्यातला एखादा शेठजींच्या नात्यातला असतो, एखादा त्यांच्याच घरी जेवणारा. तो संप कोणाविरुद्ध करणार? म्हणून त्याच्या वतीने कायद्यानेच बोलणे आवश्यक होते. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकाने व आस्थापना यांसाठी कायदा केला. या विषयावरील तो देशातील पहिला कायदा होय. १९४२ साली आठवडी सुटीचा केंद्रीय कायदा आला, पण तो लागू करणे न करणे प्रांतांच्या इच्छेवर सोडले होते.

त्या वेळी वाशीम मुंबई प्रांतात नव्हते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला होता. १९०५ साली जुना वाशीम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला होता. त्यामुळे येथील गुमास्त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले ते नागपुराहून, मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्याने. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि त्यानंतर मुंबईचा १९४८चा सुधारलेला कायदा विदर्भालाही लागू झाला. पुढे सुमारे अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या गावोगावच्या दुकानांची सकाळ आणि रात्र या कायद्याने ठरवली.

हा कायदा आज पुन्हा वाचताना त्यातील बारकाव्यांचे आश्चर्य वाटते. त्याने दुकान उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ ठरवून दिली. नोकराला दिवसाला नऊ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम सांगू नये, सलग पाच तासांनंतर त्याला विसावा द्यावा, असे म्हटले. आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद राहिले पाहिजे, असे सांगितले. दुकाने बंद झाल्यावर फेरीवाल्याने तोच माल रस्त्यावर विकू नये, ही काळजीही त्याने घेतली. एरवी नियम पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक न पाळणाऱ्याकडे गेले असते. आणि बंद होण्याच्या क्षणी जो गिऱ्हाईक दुकानात तिष्ठत उभा असेल, त्याचे काम उरकण्यापुरता थोडा अवधीही कायद्याने दिला. ज्याने हे कलम लिहिले त्याने बाजार पाहिला होता, यात शंका नाही.

रात्र मात्र कोणत्याही कायद्याने संपूर्ण बंद करता येत नाही. आजारी मुलासाठी औषध रात्री दोन वाजताही लागते. पॅसेंजर गाडी उशिरा आली तर स्थानकावरच्या माणसाला चहा लागतो. म्हणून १९४८च्या कायद्याच्या परिशिष्टात सवलतींची लांबलचक यादी होती. औषधांची दुकाने, रेल्वेस्थानकांवरील उपाहारगृहे व दुकाने यांना वेळेच्या कलमांतून सूट होती. पानविडी, दूध, भाजीपाला यांसारख्या मालासाठी निराळा विचार होता. सण-उत्सवांच्या काळात शासन सवलत देऊ शकत असे. म्हणजे मूळ नियम विश्रांतीचा आणि रात्रीचा व्यवसाय हा अपवाद. ज्याला अपवाद हवा असेल त्याने कारण सांगावे, आणि ते कारण गिऱ्हाइकाच्या गरजेचे असावे. परवानगी या शब्दाच्या मागे ही विचारसरणी होती.

व्यवहारात तिला कीड लागली हेही सांगितले पाहिजे. जेथे परवानगी आहे तेथे ती देणारा आहे, आणि जेथे देणारा आहे तेथे कित्येकदा त्याची किंमतही ठरते. सगळ्या पेठेत दुकानांची अर्धी दारे वेळेनंतरही किलकिली असत. निरीक्षकाची चाहूल लागताच ती मिटत आणि तो गेल्यावर पुन्हा उघडत. नियम मोडला जाई, नोकराचे तास कमी होत नसत. वाढे ती फक्त भीती. पुढे हा कायदा बदलला गेला, त्यामागे व्यापाऱ्यांचा हा कंटाळाही होता, आणि तो अकारण नव्हता.

दरम्यान जगात रात्रीच्या दुकानाची एक निराळीच कथा घडत होती. अमेरिकेतील डॅलस शहरात बर्फ विकणाऱ्या एका कंपनीच्या धक्क्यावर १९२७ साली दूध, पाव, अंडी ठेवली जाऊ लागली. कारण इतर दुकाने बंद झाल्यावरही बर्फाचा धक्का उघडा असे. या लहानशा सोयीतून दुकानांची साखळी उभी राहिली. १९४६ साली तिने सकाळी सात ते रात्री अकरा ही वेळच आपले नाव म्हणून घेतली : सेव्हन-इलेव्हन. ज्या काळात ही वेळ लोकांना विलक्षण वाटत होती, त्या काळात आपल्याकडचा गल्लीतला किराणा दुकानदार दुकानामागच्याच खोलीत राहत होता आणि दार वाजवल्यावर उठून साखर मोजून देत होता. त्या साखळीचे भारतातील पहिले दुकान ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या अंधेरीत उघडले, तेव्हा दारी आलेली गोष्ट आपल्या दृष्टीने तितकीशी नवी नव्हती. नवे होते ते तिच्यामागचे भांडवल, आणि रात्रपाळीवर नेमलेला पगारी तरुण.

कायद्याचे वळण याच काळात बदलले. २०१६ साली केंद्र सरकारने राज्यांसाठी एक आदर्श विधेयक मंजूर केले. त्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने २०१७ साली नवा कायदा केला, आणि १९ डिसेंबर २०१७ पासून तो अमलात येऊन १९४८चा कायदा इतिहासजमा झाला. आता दुकान वर्षाचे सर्व दिवस चोवीस तास उघडे ठेवता येते. मद्यालये, हुक्का पार्लर यांसारख्या काही आस्थापना तेवढ्या वगळल्या आहेत. दुकानाला सुटी नाही. सुटी नोकराला, आठवड्यातून सलग चोवीस तास. स्त्रियांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात काम करता येते, मात्र त्यांची संमती हवी आणि संरक्षणाची व वाहनाची सोय हवी. निरीक्षक हे पदनामही गेले. त्याच्या जागी साहाय्यकर्ता अशा अर्थाचे नाव आले. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत मॉल व गिरण्यांच्या आवारांतील दुकाने-उपाहारगृहे रात्रभर चालू ठेवण्याचा गाजावाजा झाला. दोनच महिन्यांत करोनाच्या टाळेबंदीने दिवसाचीही दुकाने बंद केली. पुढे पोलीस आणि स्थानिक यंत्रणा रात्री दुकाने बंद करायला लावतात अशा तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५च्या आरंभी राज्याच्या कामगार विभागाने पुन्हा स्पष्ट केले, की मद्यविक्री करणाऱ्या आस्थापना सोडून इतरांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा आहे.

म्हणजे चक्र पूर्ण उलटे फिरले. पूर्वी रात्री उघडे राहणाऱ्याला कारण सांगावे लागे, आज बंद करायला लावणाऱ्याला ते सांगावे लागते. यात वाईट काही आहे का? पुष्कळांचा याने लाभ होणार आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. रात्रभर ट्रक हाकणाऱ्या माणसाला पाणी, बिस्किटे, डोकेदुखीची गोळी मिळावी, यात कोणाचे काय बिघडते? सोयाबीनच्या हंगामात माल घेऊन आदल्या रात्रीच बाजार समितीच्या आवारात येऊन पडणारा शेतकरी, रामनवमीला पोहरादेवीकडे निघालेली बंजारा कुटुंबे, रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका, या सर्वांना उघडे दार हवेच असते. अंधाऱ्या रस्त्यावर एका दुकानाचा दिवा लागलेला असला, तर एकट्या बाईला धीर येतो. ते दार बळजबरीने बंद करण्याचे समर्थन कोणी करू नये.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती कायद्याच्या पहिल्याच कलमात बसलेली आहे. २०१७चा कायदा मुळात दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्याहून लहान दुकानाने फक्त आपण व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची. बाकीची कलमे त्याला लागू नाहीत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा दहावरून वीसवर नेण्यास आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. मुंबईच्या मॉलमध्ये हे आकडे फारसे जाणवणार नाहीत. पण वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा येथील बाजारपेठेतून एकदा चक्कर मारावी आणि दहा नोकर असलेली दुकाने मोजावीत. एका हाताची बोटेही उरतील. कापडाचे मोठे दालन असेल, एखादे सराफी दुकान असेल. बाकी किराणा, जनरल स्टोअर, मोबाइलची दुकाने, हॉटेले ही दोनतीन माणसांवर चालतात. कामाच्या तासांची मर्यादा, मधला विसावा, रात्री काम करणाऱ्या स्त्रीला घरी पोहोचवण्याची व्यवस्था, हे सगळे कायद्यात आहे. पण ज्या काउंटरमागे जिल्ह्यातले बहुसंख्य गुमास्ते उभे आहेत, त्या काउंटरपर्यंत ते पोहोचत नाही. किमान वेतनाच्या कायद्याचे छत्र त्यांच्यावर आहे हे खरे. परंतु तीन माणसांच्या दुकानातल्या नोकराने त्या छत्राखाली जायचे, तर मालकाशी उघड वैर पत्करून जावे लागते. आणि लहान गावात मालक हा बहुधा शेजारीही असतो.

१९४८च्या कायद्याने हा प्रश्न एका साध्या उपायाने सोडवला होता. नोकर एक असो की शंभर, दुकानाचे दारच ठराविक वेळी बंद होई, आणि बंद दुकानात नोकराला राबवून घेणे अवघड असते. आठवड्यातून एक दिवस पेठ बंद असली, की सगळेच गुमास्ते एकाच दिवशी मोकळे असत. एकमेकांच्या घरी जाता येई, लग्नकार्य उरकता येई, मुलांना घेऊन जत्रेला जाता येई. सर्वांना मिळून मिळालेला विसावा आणि वेगवेगळ्या वारी एकेकट्याला मिळालेला विसावा यांत फरक आहे. मंगळवारी सुटी मिळालेला बाप घरी बसला, तरी मुले शाळेत असतात.

लहान दुकानदारही येथे काही सुखात नाही, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. पूर्वी शेजारचा साडेआठला फळ्या लावी, म्हणून यालाही निर्धास्तपणे लावता येत. आता शेजारच्याने अकरापर्यंत दिवा ठेवला तर याला साडेअकरापर्यंत ठेवावा लागतो, कारण गिऱ्हाईक एकदा तिकडे वळले की परत येत नाही. दोघांची मिळून विक्री होती तेवढीच राहते, विजेचे बिल दोघांचे वाढते, आणि दोघांच्याही बायका जेवण झाकून बसतात. सर्वांवर असलेले बंधन हे पुष्कळदा प्रत्येकाचे स्वातंत्र्य असते, ही गोष्ट बाजाराइतकी स्पष्टपणे अन्यत्र कोठे दिसत नसेल.

मग करावे काय? जुना कायदा परत आणावा असे कोणी म्हणणार नाही. त्याच्यासोबत निरीक्षकाची चाहूल आणि अर्धी दारेही परत येतील. परंतु उघडे राहण्याची मुभा सर्व दुकानांना द्यायची आणि विसाव्याची हमी मात्र मोठ्या दुकानांपुरती ठेवायची, यात न्याय नाही. ज्या दुकानाला रात्री दहानंतर उघडे राहायचे आहे, त्याने नोकर दोन असले तरी तास, विसावा आणि सुटी यांचे नियम पाळावेत, एवढी एक अट पुरेशी आहे. लहान माणसाची दखल कायदा घेऊ शकतो, हे केरळने २०१८ साली दाखवून दिले. दुकानातल्या नोकरांना, विशेषतः साडीच्या दालनांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना, बसण्याचा हक्क असावा म्हणून तेथे कायदा सुधारण्यात आला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसेच केले. बसायला एक स्टूल, ही काय मागणी म्हणायची! पण ती मान्य व्हायला कित्येक वर्षे स्त्रियांना लढा द्यावा लागला. शिवाय कायद्याची वाट न पाहताही काही करता येईल. व्यापारी मंडळाने मिळून ठरवले, तर औषधांच्या दुकानांप्रमाणे किराणा दुकानांनीही पाळीपाळीने रात्री उघडे राहता येईल. गिऱ्हाइकाला दार उघडे सापडेल आणि बाकीच्यांना झोप.

इंग्लंडच्या त्या १८४२च्या संघटनेने प्रथम ग्राहकाला हाक दिली होती. ती हाक अपुरी पडली तरी चुकीची नव्हती. रात्री साडेदहाला आपण एखाद्या दुकानात शिरतो, तेव्हा पलीकडे उभा असलेला मुलगा सकाळी किती वाजल्यापासून उभा आहे, हे विचारायला पैसे पडत नाहीत. हव्या त्या वस्तूची खरोखरच त्याच रात्री निकड असेल तर ती घ्यावी, त्याचा दिवा त्यासाठीच लागलेला आहे. आणि निकड नसेल, तर ती उद्या सकाळी घ्यावी.